उरलेल्या कापडासकट

आमच्या बोळाच्या तोंडाशी एक शिंपी बसायचा. नारायण पेठेतलं चार फूट रुंदीचं दुकान, पुढे मशीन, मागे खुंट्यांवर अर्धवट शिवलेले ब्लाउज. शिवून झालेला ब्लाउज तो नुसता कधीच द्यायचा नाही. नीट घडी घालायचा, घडीच्या आत उरलेल्या कापडाची चिंधी ठेवायचा, चिंधीला दोन जास्तीचे हूक टोचायचा, सगळं कालच्या वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि वरून दोऱ्याचे तीन वेढे. पुडक्यावर निळ्या खडूने माझ्या आईच्या नावाचं पहिलं अक्षर. घरी पुडकं सुटलं की मला ब्लाउजपेक्षा त्या चिंधीचंच अप्रूप. एवढीशी ती, बाहुलीच्या पदराला पुरेल न पुरेल. ही परत कशाला देता, असं मी एकदा त्याला विचारलं होतं. मशीनवरून मान वर न करता तो म्हणाला, "कापड तुमचं आहे. मी नुसतं शिवलंय." मग दोन टाके मारून झाल्यावर, "आणि काखेत उसवलं तर त्याच रंगाचं कुठून आणणार तुझी आई?"

आता मी पुस्तकं जुळवते. अक्षरजुळणी, पानांची मांडणी, कधी मुखपृष्ठही. प्रकाशकांची कामं असतात, आणि निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून आत्मचरित्र काढणाऱ्यांचीही असतात. दुसऱ्या प्रकारची मला जास्त आवडतात, कारण त्यात माणूस घरी येऊन चहा पितो. लोक विचारतात ते हे, की फॉन्ट कोणता, मुखपृष्ठ सुचतं कसं. काम झाल्यावर ते देता कसं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. त्यात विचारण्यासारखं काय आहे? मेल करायचा, लिंक पाठवायची, झालं. आमच्या धंद्यातही सगळे "फाइल टाकते" असंच म्हणतात. मेल टाकलाय, लिंक टाकलीय, कव्हर टाकून ठेवलंय. पूर्वी पत्रही आपण टाकायचोच म्हणा, पण पेटीच्या पोटात ते पडल्याचा टप्प असा आवाज यायचा, आणि मग खाकी कपड्यातला एक आख्खा माणूस ते घेऊन दारापर्यंत जायचा. फाइल टाकली की आवाज होत नाही. ती कुठे पडली, कुणाच्या पायाशी, उताणी की पालथी, काही कळत नाही.

मी या धंद्यात आले ती १९९७ साली, अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या एका माडीवर. पेजमेकर, दोन संगणक, एक लेझर प्रिंटर, आणि प्रिंटरच्या उष्णतेने आणखी तापणारी खोली. तेव्हा काम द्यायचं म्हणजे 'बटर' द्यायचं. बटर म्हणजे बटर पेपर, धुरकट, अर्धवट आरपार दिसणारा. त्यावर पानं उलटी छापायची, आरशात दिसावीत तशी. म्हणजे काळी बाजू थेट प्लेटला भिडते आणि अक्षराची कड सुटत नाही. शेवटच्या क्षणी चूक सापडली तर आख्खं पान पुन्हा काढायला मालकांचा जीव व्हायचा नाही. मग तेवढी ओळ ब्लेडने कापून दुसरी चिकटवायची. कुणाच्या तरी आडनावातली एक वेलांटी नखाएवढ्या तुकड्यावर घेऊन, श्वास रोखून बसवल्याचं मला आठवतं.

सगळी बटरं दोन पुठ्ठ्यांत, पुठ्ठे प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी लुनावर पायांशी, आणि पावसाळा असेल तर पिशवीवर माझाच रेनकोट. छापखान्यातल्या काकांकडे काचेचं टेबल होतं, काचेखाली ट्यूब. एकेक बटर त्यावर ठेवून ते बघत. घाई अजिबात नाही. १६ पानांचा एक फर्मा, १९२ पानांचं पुस्तक म्हणजे १२ फर्मे, म्हणजे चांगला पाऊण तास. मी उभीच. मग ते लांबुळकी वही काढत, तारीख घालत, पुस्तकाचं नाव लिहीत, पुढे 'बटर १९२ मिळाली', खाली माझी सही आणि त्यांची. वही मिटली की म्हणत, "जा, आता सुटलीस तू."

त्यांनी 'सुटलीस' म्हणेपर्यंत आपण सुटलेलो नसतो, हे माझ्या अंगात त्या टेबलाशी उभं राहून भिनलं. लुना सुरू करून दिली आणि बटरं पिशवीत असली म्हणजे काम दिलं, असं नव्हे. काम द्यायला समोर घेणारा लागतो, त्याने ते उजेडावर धरून बघावं लागतं. पुढे सगळं बदललं, पण तो पाऊण तास गेला याची मला अजून चुटपुट आहे. आता मोबाइलवर दोन निळ्या खुणा दिसतात. त्याचा अर्थ बघितलं असा होत नाही, एवढं मला पक्कं ठाऊक झालंय.

मग फ्लॉप्या आल्या. खरं तर त्या आधीपासून होत्याच, पण बाहेरगावच्या छापखान्याला काम पाठवायची वेळ आली तेव्हा कुठे त्यांची ताकद कळली, किंवा ताकद नसणं कळलं. दीडशे-दोनशे पानांचा नुसता मजकूर एका फ्लॉपीत आरामात मावायचा. मुखपृष्ठ मात्र मावायचं नाही. डेमी आकार म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. त्यावर फोटो असेल, तर इंचाला ३०० ठिपके आणि चार रंग धरून नुसती पुढची बाजूच सोळा-सतरा एमबी भरते. फ्लॉपी १.४४ एमबीची. बारा फ्लॉप्या! फाइलचे तुकडे पाडून एकेकीवर चढवायचे, फ्लॉप्यांवर १ ते १२ आकडे टाकायचे आणि एसटीच्या पार्सलने पाठवायच्या. बारातली एखादी हमखास नासकी निघायची आणि रात्री फोन यायचा, "ताई, सातवी उघडत नाही." सातवीशिवाय उरलेल्या अकरांचा काही उपयोग नाही. त्यानंतर १०० एमबीची झिप आली, मग ७०० एमबीची सीडी, आणि आम्ही राजे झालो.

राजे झालो की माणूस बावळट होतो, तशी मी झाले. २००२ सालची गोष्ट. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी आपल्या आईवर पुस्तक लिहिलं होतं. ११२ पानं, सात फर्मे, ५०० प्रती. आईच्या वर्षश्राद्धाला येणाऱ्यांना तांब्या-भांडं देण्याऐवजी पुस्तक द्यायचं, असं त्यांनी ठरवलेलं. सर रोज संध्याकाळी येत, प्रुफं तपासत, ऱ्हस्व-दीर्घावरून माझी शाळा घेत. अर्पणपत्रिकेच्या पानावर फक्त आईचं पूर्ण नाव हवं होतं, वर काही नाही, खाली काही नाही. त्या एका नावासाठी मी एक वेगळा, जरा वळणदार फॉन्ट घेतला. बाकी आख्खं पुस्तक नेहमीच्या फॉन्टात.

सीडी बाहेरगावच्या छापखान्यात गेली. सीडीवर पेजमेकरची फाइल होती, फोटो होते, नेहमीचा फॉन्ट होता. वळणदार फॉन्ट नव्हता. तो माझ्या यंत्रात बसलेला असल्यामुळे मला तो पडद्यावर दिसत होता, आणि दिसतंय म्हणजे आहेच, अशी माझी समजूत. छापखान्यात फाइल उघडताना 'हा फॉन्ट सापडत नाही' अशी चौकट आली असणार. रात्री दीडला डोळे चुरचुरत असताना ऑपरेटरने ओके दाबलं असणार. मीही दाबलं असतं.

युनिकोड सगळीकडे पोचण्याआधी मराठी फॉन्टांचं गणित विचित्र होतं. संगणकाच्या मते तो मजकूर इंग्रजीच असायचा. एका फॉन्टात २५६ घरं, त्यांत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बसायची. आमचे फॉन्ट बनवणारे त्याच घरांत आपले काने, मात्रा, जोडाक्षरांचे अर्धे तुकडे बसवायचे. कुणी कुठल्या घरात काय ठेवायचं याला एक नियम नाही. एका कंपनीच्या फॉन्टातला 'क' दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टात भलताच कुणी. आणि फॉन्टच काढून घेतला तर मराठीचा मुखवटा गळून खाली इंग्रजी अक्षरांचं कडबोळं.

वर्षश्राद्धाला चार दिवस असताना गठ्ठे आले. सुतळी कापली, खाकी कागद सोडला, शाईचा तो ओला वास. वरची प्रत उघडली. पान तीन. जिथे आईचं नाव हवं तिथे मोठा ए, धाकटा एम, वर्तुळातला सी, एक डॉलर, मध्येच एक आडवी रेघ. पानाच्या बरोबर मध्यावर, मी मोजून ठेवलेल्या मोकळ्या जागेत, अगदी नेटकं.

सरांना फोन केला तेव्हा माझ्या तोंडून वाक्य पुरं होईना. ते म्हणाले, "पाचशेच्या पाचशे?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "बाइंडर कुठे बसतो तुमचा?"

त्या संध्याकाळी त्याच कागदावर नावाच्या पट्ट्या छापून घेतल्या, कटरवर कापल्या आणि आम्ही बाइंडरच्या तळघरात बसलो. फर्म्यांच्या घड्या घालणाऱ्या तीन बायका, बाइंडर, मी आणि सर. बाइंडरने खळ शिजवली होती, मोरचूद घातलेली, हिरवट. पट्टीला मागून खळ लावायची ती कडेला जरा जास्त, मध्ये अगदी बेताची, नाही तर कागदाला पोक येतो. मग नेमक्या जागी ठेवायची आणि तळव्याने आतून बाहेर दाबत न्यायची. सर पायजमा सावरून सतरंजीवर बसले होते आणि पट्टी लावली की प्रत्येक वेळी पानावर फुंकर घालत होते. खळ फुंकरीने वाळत नाही, हे त्यांना कुणीच सांगितलं नाही. अडीचशेच्या आसपास मी पुन्हा एकदा माफी मागितली. त्यांनी हातातली प्रत खाली ठेवली आणि वर्गात म्हणावं तसं म्हणाले, "हे पाहा, तुमचं लेखन शुद्धच आहे. दप्तर भरताना एक वही घरी राहिली, इतकंच."

या दप्तर शब्दाने नंतर माझा बराच पिच्छा पुरवला. पोरांच्या पाठीवरचंही दप्तर आणि पेशव्यांचंही दफ्तर. एका मोडी-शिक्षणाच्या पुस्तकाच्या निमित्ताने मी पुण्याच्या पुराभिलेखागारात गेले होते, तिथे ते रुमाल पाहिले. चौकोनी कापड, मध्ये कागदांचा जुडगा, चार टोकं उचलून बांधलेली. या कामात याहून शहाणी गोष्ट मी पाहिलेली नाही. ज्या कामाचे कागद ते सगळे एका कापडात, सुटून काही पडणार नाही, उघडणाऱ्याला एक गाठ सोडली की पुरे. शिवकालीन पत्रांच्या शेवटी जो शिक्का उमटवत त्यावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरं असत. ही इथे मर्यादा आली, पत्र संपलं, याच्या खाली कुणी काही वाढवलं तर ते आमचं नव्हे. शिक्कामोर्तब झालं असं आपण सहज म्हणतो, पण धंद्यात फायनल या शब्दाची जी धूळधाण चालते ती पाहिली की या शिक्क्याचा मला हेवा वाटतो.

आणि पोथ्या लिहिणारे तर आमचे सख्खे पूर्वज. नक्कल पुरी झाली की लेखकू शेवटी तिथी-वार घालायचा, गाव घालायचा, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले एक-दोन श्लोक जोडायचा. त्यांचा मतलब असा, की जसं पाहिलं तसं लिहिलंय, चुकलं असेल तर मला दोष देऊ नका. आणि पुस्तकाच्या तोंडून विनवणी अशी, की मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, ढिल्या बांधणीपासून जपा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. कंबर मोडून, मान वाकवून पोथी लिहिणाऱ्या त्या माणसाने काम संपवता संपवता घेणाऱ्याला दिलेल्या या सूचना! मूर्खाच्या हाती देऊ नका, हे मलाही लिहावंसं पुष्कळदा वाटतं. त्याऐवजी मी लिहिते, 'कृपया ही फाइल वर्डमध्ये उघडू नये.'

त्या तळघरातल्या रात्रीनंतर मी माझा रुमाल बांधायला लागले. प्रत्येक पुस्तकाचं एक फोल्डर. आत छपाईची पीडीएफ वेगळी, पडद्यावर वाचायची हलकी पीडीएफ वेगळी. पीडीएफ १९९३ साली आलं, पण आमच्यापर्यंत त्याचा भरवसा पोचायला बरीच वर्षं गेली. फॉन्ट पोटातच घेऊन फिरणारी फाइल म्हणजे काय चीज आहे, हे ज्याने कडबोळं पाहिलंय त्यालाच कळेल. मुखपृष्ठाची फाइल स्वतंत्र, चारी बाजूंना कापायला तीन-तीन मिलिमीटर जास्त सोडलेली, कण्याची जाडी कागद ठरल्यावर मोजलेली. (कागद ठरल्यावर म्हणजे खरंच ठरल्यावर. सत्तर जीएसएम सांगून ऐनवेळी ऐंशीचा लावला की कण्यावरचं नाव सरकून मुखपृष्ठावर डोकावतं, आणि लेखक मला विचारतो.) मूळ फोटो, जसे आले तसे. आणि सगळ्यांत वर, यादीत पहिली यावी म्हणून नावाआधी दोन शून्यं लावलेली, एका पानाची चिठ्ठी: 'आधी वाचा'.

ही चिठ्ठी लिहायला मला तास लागतो आणि तो मी बिलात धरत नाही. आकार, पानं, फर्मे, कागद. मजकूर फक्त काळ्यात आहे, चार रंगांत फोडू नये. फोडला तर प्लेट केसभर सरकली तरी अक्षराच्या कडेला लाल-निळी झालर येते. मागच्या बाजूचा बारकोड नुसत्या काळ्यात, पांढऱ्यावर, आणि मूळ मापाच्या ८० टक्क्यांहून बारीक करू नये. पान ४७ वरचा फोटो मुळातच धूसर आहे, तुमच्याकडून बिघडलेला नाही. पान ८८ कोरं आहे, ते कोरंच हवं. ही शेवटची दोन वाक्यं मला फार महत्त्वाची वाटतात. रात्री दीडला जो कुणी जागा असेल, त्याने चौकट आल्यावर ओके दाबण्याआधी त्याच्या शेजारी कुणीतरी बसलेलं असावं, म्हणून ती चिठ्ठी.

मग येतो ओपन फाइलचा प्रश्न. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, पीडीएफ नको, ओपन फाइल द्या." यावर आमच्या धंद्यात दोन तट आहेत आणि दोघांचंही बरोबर आहे. ओपन फाइल दिली की उद्या दुसऱ्या कुणाकडून दोन ओळी बदलून घेतील, आपलं काम गेलं, वर नाव आपलं आणि चुका दुसऱ्याच्या. माझ्या एका मैत्रिणीच्या लग्नपत्रिकेची ओपन फाइल म्हणे तीन तालुक्यांत फिरली. वधू-वर बदलत गेले, गणपती तोच राहिला. म्हणून पुष्कळ जण अक्षरांचे कर्व्ह करून देतात, म्हणजे अक्षर अक्षर राहत नाही, नुसती आकृती होते. छापता येतं, बदलता येत नाही. मीही काही वर्षं तेच केलं. पण दर वेळी तो शिंपी आठवायचा. कापड तुमचं आहे. शेवटी मी असं ठरवलं की मजकूर आणि मांडणी द्यायची, काय दिलं आणि पुढच्या बदलांची जबाबदारी कुणाची हे चिठ्ठीत लिहायचं. फॉन्ट मात्र परवान्याचा असेल तर त्याचं फक्त नाव आणि कुठे विकत मिळतो ते. शिंप्याने चिंधी दिली, कात्री दिली नव्हती.

फाइलींच्या नावांबद्दल बोलावं तेवढं थोडं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून मराठी जुळाऱ्यांच्या वाट्याला दसरा ते वसुबारस हे दिवस आले ते आलेच. एका दिवाळी अंकाच्या फोल्डरात मला 'फायनल', 'फायनल नवी', 'फायनल जाहिरातीसह', 'फायनल सरांनी पाहिलेली' आणि 'हीच घ्या' अशी पाच भावंडं सापडली होती. छापली गेली ती अर्थात सहावी. आता मी नावात फायनल लिहीतच नाही. पुस्तकाचं नाव, मग तारीख. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते आणि सगळ्यांत खालची ती ताजी. दिवस आधी लिहायची आपली सवय मोडायला जड गेली. ती मोडली कॅलिफोर्नियातल्या एका मराठी मंडळाच्या स्मरणिकेने. मी पाठवलेली ०५-०६ म्हणजे माझी पाच जून; त्यांनी ती सहा मेची जुनी समजून बाजूला ठेवली आणि खरोखरच्या जुनीवर दुरुस्त्या करत बसले. त्याच स्मरणिकेत मी पानं ए-फोरची केली होती. तिकडचा लेटर कागद ए-फोरपेक्षा १८ मिलिमीटरने बुटका. नमुना प्रतीचा फोटो आला त्यात सगळे पृष्ठांक गेलेले, जणू पानांचे पाय गुडघ्यापासून कापलेत. आमच्यात साडेबारा तासांचं अंतर, त्यामुळे मी झोपेतून उठून माफी मागायची आणि ते झोपायला जाता जाता माफ करायचे.

व्हॉट्सॲपविषयी एकच सांगते. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र वाटेत चिरडून बारीक होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. हे मी आजवर इतक्या जणांना सांगितलंय की आमच्या घरची कामवालीही तिच्या भावाच्या दुकानाच्या फ्लेक्सच्या वेळी त्याला फोनवर ऐकवत होती, "डाक्युमेंट कर, डाक्युमेंट."

पैशांचंही थोडक्यात. शिंपी शिलाई हातात पडल्याशिवाय पुडकं सोडत नसे आणि कुणाला त्यात गैर वाटत नसे. आम्ही मात्र फाइल आधी पाठवतो, मग बिल पाठवतो, मग "मिळालं का" असं फाइलविषयी विचारतो आणि मनात बिलाविषयी विचारत असतो. आता निम्मे आधी घेते. उरलेले छपाईची पीडीएफ देताना, तेही तोंडावर मागते. जमायला वीस वर्षं लागली.

सगळं बांधून झालं की शेवटचं एक काम. फोल्डर पाठवायच्या आधी मी ते माझ्या यंत्रावर बघत नाही, मुलाच्या लॅपटॉपवर उघडते. त्यात माझा एकही फॉन्ट नाही, माझं एकही सॉफ्टवेअर नाही, खेळ आहेत आणि क्रिकेटची वेळापत्रकं आहेत. तिथे पान तीन उघडलं की मी क्षणभर डोळे बारीक करते. आपल्याच घराच्या दारात पाहुण्यासारखं उभं राहून बेल वाजवावी, तसं काहीसं. मग पाठवते, आणि फोन करते, "उघडून बघा, मी थांबते." पलीकडे माऊस चालल्याचा आवाज येतो. कुणी म्हणतं, "हो हो, आलं सगळं." मी विचारते, पान ८८ कोरं आहे का? मग पुन्हा माऊस. "हो, कोरं आहे." तेव्हा मी वहीत तारीख घालते. वही अजून आहे, लांबुळकीच.

गेल्या दिवाळीनंतर सरांच्या नातीचा फोन आला. सर जाऊन बरीच वर्षं झाली. पणजीच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची, घरात दोनच प्रती उरल्यात. सीडी वाचली गेली नाही, तिच्यावरचा चंदेरी पापुद्राच सुटला होता. पण त्या रात्रीनंतरचं फोल्डर मी यंत्र बदलेल तसं पुढे नेत आले होते, वळणदार फॉन्टासकट. तसं तिला सांगितलं. ती थोडी घुटमळली. मग म्हणाली, "अजून एक विचारायचं होतं. अर्पणपत्रिकेच्या पानावर एक पट्टी चिकटवलीय. आमच्या प्रतीत तिचा कोपरा सुटला, म्हणून मी जरा उचलून पाहिलं. खाली काहीतरी लिहिलंय, सांकेतिक असल्यासारखं. आजोबांनी काही लपवलं होतं का?"

मी तिला म्हटलं, त्याचा फोटो पाठवू नकोस. डॉक्युमेंट म्हणूनही नको, प्रतच घेऊन ये.

टेबलाखालचं एक्सपीचं जुनं यंत्र बाहेर काढलं, पुसलं, सुरू झालं. पेजमेकर उघडलं. ती प्रत हातात धरून एकेक चिन्ह सांगत गेली आणि मी टाइप करत गेले. मोठा ए, धाकटा एम. वर्तुळातल्या सीसाठी ऑल्ट दाबून ०१६९. डॉलर. आडवी रेघ. पडद्यावर तेच कडबोळं उभं राहिलं. मग ते सगळं निवडलं, फॉन्टांच्या यादीत खाली गेले आणि तो वळणदार फॉन्ट लावला.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने पणजीचं नाव मोठ्याने वाचलं, आडनावासकट.

दुसऱ्या आवृत्तीचं फोल्डर तिला दिलं तेव्हा त्यात उचललेल्या पट्टीचा स्कॅनही ठेवला. छापायचा नाहीये, पण असावा. चिठ्ठीत शेवटी एक ओळ वाढवली: 'पान ३, पट्टीखालचं. नावच आहे.'